आधी चित्र उलटं करून बघ

तुझं मिक्स मीडियाचं, म्हणजे रंगासोबत कापड, तार अशा वस्तू वापरलेलं काम पहिल्यांदाच ग्रुप प्रदर्शनात लागतंय, छातीत धडधड होणारच. पण मिक्स मीडियात घोळ होतो तो मागच्या बाजूने. माझ्या एका कामावर जुन्या पैठणीचा काठ होता, नुसत्या गोंदाने चिकटवलेला. जुलैची दमट हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं एक टोक सुटून लोंबत होतं. इतकं वाईट वाटलं! तेव्हापासून कापड मी कडेने दोऱ्याने टाचते आणि जड वस्तू तारेने मागच्या फळीला बांधते. वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक मात्र पापुद्र्यासारखं सुटतं, ते करूच नकोस.

लेबलवर फक्त 'मिक्स मीडिया' लिहून सोडू नकोस. पिकासोने १९१२ साली कॅनव्हासवर मेणकापड चिकटवून कडेला दोरखंड लावला; त्या कामाच्या वर्णनात आजही दोरखंड लिहिलेला असतो. तूही 'अ‍ॅक्रिलिक, पैठणीचा काठ, तांब्याची तार' असं लिही, लोक वाचून जवळ येतात.

लेबलवरच्या मापात लांबी-रुंदीसोबत काम भिंतीपासून किती पुढे येतं तेही दे. चार इंच पुढे आलेल्या कामाची सावली शेजारच्या चित्रावर पडते, म्हणून दिवे लागल्यावर दोन्ही बाजूंनी बघ आणि शेजाऱ्याशी उद्घाटनाआधीच बोलून घे. आणि हो, बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नकोस, फुगे उमटतात.