प्रभुभोजनाच्या आधी उठून जाणारा माणूस

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीची, तयारी सुरू झाली की तो मागच्या बाकावरून हळूच उठायचा आणि बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहायचा. बायकोला वाटायचं, गुडघे दुखत असतील. तीन वर्षं असंच चाललं होतं.

वडोदऱ्यात फतेहगंजला माझ्याकडे आला तो एका संध्याकाळी, मकरपुऱ्याहून कामावरून परस्पर. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घराणं मूळचं नगरकडचं, जन्म वडोदऱ्यातला. गुजरातीत भराभरा बोलायचा, पण अवघड गोष्ट आली की मराठीवर यायचा. "बाई, माफी मागून मागून थकलो. देवाने माफ केलं असतं तर मन हलकं झालं नसतं का?"

हा प्रश्न मी फार जणांच्या तोंडून ऐकला आहे.

झालं होतं असं. आई अंथरुणाला खिळलेली. पुण्याची थोरली बहीण आईसाठी दिवसभराची बाई ठेवायला दरमहा पैसे पाठवायची. याने ते शेअर बाजारात, ऑप्शनमध्ये घातले आणि बुडवले. बाई बंद केली. तो कामावर असताना आई दुपारभर एकटी, ओल्या चादरीवर पडून असायची. आई गेली तेव्हा बहिणीने सगळ्यांसमोर त्याचे हात हातात घेतले आणि म्हणाली, "तू होतास म्हणून आईचं नीट झालं." तिथून त्याची झोप उडाली ती उडालीच.

त्याने खिशातून एक छोटी वही काढली. मागच्या पानांवर तारखा आणि रकमा, बारीक पेन्सिलीने. बेरीज १,४२,०००. शेवटच्या ओळीवर इतक्यांदा खोडरबर फिरला होता की कागद विरला होता.

आधी मी झोपेचं, जेवणाचं विचारलं, आणि जीव द्यावासा वाटतो का तेही सरळ विचारलं. जीवाचा विचार नव्हता, पण झोपेसाठी डॉक्टरकडे पाठवलं. असा माणूस समोर बसला की बायबलमधल्या वचनाआधी हे विचारायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग प्रभुभोजनाकडे वळलो. "अयोग्य रीतीने खाणारा दोषी ठरतो" एवढंच त्याने लहानपणापासून धरून ठेवलं होतं. मी त्याला बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ११वा अध्याय मागून पुढून वाचायला लावला. पौल रागावला आहे तो तिथल्या मेजावर कोणी उपाशी राहतो आणि कोणी पिऊन झिंगतो म्हणून. आणि लगेच २८व्या वचनात म्हणतो, माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. मग उठून जावं, असं तो म्हणत नाही. हा माणूस बराच वेळ त्याच ओळीवर बोट ठेवून बसला.

तरी मन हलकं का होत नव्हतं? येशूला अटक झाली त्या रात्री त्याच्या शिष्याने, पेत्राने, "मी त्याचा नाही" म्हणत त्याला तीनदा नाकारलं, आणि त्याच रात्री तो कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव पुन्हा एकदाच येतो, २१व्या अध्यायात, सरोवराच्या काठी. तिथे येशूने स्वतः न्याहारी तयार ठेवली आहे. आधी तो पेत्राला खाऊ घालतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? दुखऱ्या जागेला वळसा घालत नाही. या माणसाची दुखरी जागा पुण्यात होती आणि तो ती सोडून बाकी सगळीकडे माफी मागत होता.

त्याला वाटलं, मी म्हणतेय आधी फेड, मग माफी. तसं नाही. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने लोकांकडून लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं ते येशू त्याच्या घरी आल्यावर. फेडीने कृपा विकत घेतली नव्हती.

फोनवर नको, समोर जाऊन सांग, एवढं आम्ही ठरवलं. आणखी एक गोष्ट मी बजावली: "ताई, मला माफ कर" असं म्हणायचं नाही. तिच्यावर ते ओझं टाकायचं नाही. जे केलं ते सांग आणि ती काय म्हणते ते ऐक. सत्तर वेळा सात माफ कर, हे येशूचं वचन दुखावलेल्या माणसाच्या तोंडावर फेकणारे पाहिले की मला वाईट वाटतं.

तो गेला. ताईने वही शेवटपर्यंत वाचली. पैशाचं काहीच बोलली नाही. एवढंच विचारलं, "दुपारी आई हाका मारायची का रे?" तो म्हणाला, "शेजारच्यांना ऐकू जायच्या." ताई उठून आत गेली ती तो निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्याच्या पुढच्या पहिल्या रविवारी तो बाकावरून उठला आणि पुढे जाऊन गुडघे टेकले.

आता तो दरमहा ४,००० पाठवतो. ताईचा मेसेज येतो, "मिळाले." त्यापलीकडे अजून एक शब्दही नाही. तो वहीत तारीख घालतो, यावेळी पेनाने.