टेबलावरच तवा असलेल्या जपानी हॉटेलात पहिल्यांदा जाताना काय माहीत असावं?

तुमचा प्रश्न असा: आई-वडिलांना घेऊन ओसाका, हिरोशिमा, टोकियो असा दौरा ठरलाय, टेबलात तवा बसवलेल्या हॉटेलात जायची हौस आहे, पण तिथे आपलं आपणच करून खायचं असतं का, आणि जमलं नाही तर फजिती होते का? वडील सगळं खातात, आई अंड्यापर्यंतच.

आधी थेट सांगतो. ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं) दुकानातल्या माणसाकडून करून घ्या, मोंजायाकी उर्फ मोंजा (त्याचाच पातळ, टोकियोतला प्रकार) मात्र स्वतः करा. एवढं पाळलंत तर फजिती व्हायचं काही कारण नाही. आईंचं मात्र अवघड आहे, त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

मी टोकियोत निशी-कासाईला राहतो. आपली बरीच मंडळी या भागात आहेत, आणि पुण्या-मुंबईहून कुणाचे ना कुणाचे पाहुणे आलेले असतातच. त्यांना 'त्या तव्यावाल्याकडे' न्यायचं काम बहुतेक वेळा माझ्या गळ्यात पडतं.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ विसरा. कांद्याच्या चकत्यांचा ज्वालामुखी, हवेत उडणारी कोळंबी, हा खेळ बेनिहाना या हॉटेलाने १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केला आणि तिकडेच गाजला. जपानमध्ये तेप्पानयाकी म्हटलं की शांतपणे स्टेक भाजून देणारा आचारी आणि दणदणीत बिल. तुम्हाला जायचंय ते त्यापेक्षा बरंच साधं, गल्लीतलं प्रकरण आहे. माणशी साधारण हजार-दीड हजार येनमध्ये पोट भरतं.

आता ओसाका. इथली ओकोनोमियाकी म्हणजे मैदा, माशाचं दाशी (म्हणजे पातळ सार), किसलेला चिकट नागाइमो कंद, अंडं आणि भरपूर चिरलेला कोबी एकत्र कालवून घातलेलं बोटभर जाडीचं धिरडं. वर डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे पातळ पट्टे. मेनूत 'बुताता‍मा' दिसलं की तेच, आणि पहिल्या वेळी तेच मागवा. काही दुकानांत ते आत तयार होऊन येतं आणि तुमच्या टेबलावरचा तवा नुसता गरम ठेवायला असतो. काही ठिकाणी मुलगा येऊन तुमच्यासमोर करतो. आणि काही ठिकाणी स्टीलचा वाडगा समोर ठेवून तो निघून जातो! असं झालं तर हसून वाडग्याकडे बोट दाखवा आणि 'ओनेगाइशिमास' (कृपा करून) म्हणा. बहुतेक ठिकाणी करून देतात. पाहुण्याने मागितलं म्हणून कुणाला वाईट वाटत नाही. उलट अर्धं कच्चं पीठ खाऊन गेलात तर त्यांनाच वाईट वाटेल.

स्वतः करायचंच असेल तर एकच पथ्य: हात आवरा. पीठ तव्यावर गोल पसरलं, पट्टे वर ठेवले की चार-पाच मिनिटं काहीही करायचं नसतं. आपला हात सवयीने उलथन्याकडे जातो, कडा सोडवायला, दाबून बघायला. दाबलं की कोबीतली वाफ निघून जाते आणि सगळं चिवट होतं. माझा एक ओसाकाचा सहकारी तर या चार मिनिटांत टेबलावरची सगळी उलथनी स्वतःकडे ओढून घेतो. मग कडा सुकल्यासारख्या दिसल्या की दोन्ही बाजूंनी दोन उलथनी खाली सारून, न घाबरता, एकदाच उलटायचं. फुटलं तर लगेच जवळ ओढून गोल करा, दोन मिनिटांत पुन्हा धरतं.

नंतर सॉस. बऱ्याच दुकानांत तो डब्यात आणि सोबत ब्रश असतो. सॉस, मेयोनीज, हिरव्या शेवाळाची पूड, आणि शेवटी कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाचे कागदापेक्षा पातळ पापुद्रे. वाफ लागली की ते वळवळतात. आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर हे जिवंत आहे का म्हणून चौकशी सुरू होते. कापताना पिझ्झासारखे त्रिकोण नकोत, उभे-आडवे चौकोन करतात. ताटलीत काढून चॉपस्टिकने खाल्लं तरी चालतं, पण ओसाकाची माणसं छोट्या उलथन्यानेच थेट तव्यावरून खातात. घाई करू नका. उरलेले तुकडे तव्यावरच राहू द्या, खालची बाजू हळूहळू कुरकुरीत होत जाते आणि शेवटचा घास बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा चांगला लागतो.

हिरोशिमात प्रश्नच मिटतो, कारण तिथे सहसा कुणी तुम्हाला हात लावू देत नाही. लांबलचक तव्यापलीकडे करणारी बाई किंवा बुवा, अलीकडे तुम्ही. ओकोनोमिमुरा नावाची अख्खी इमारतच अशा छोट्या दुकानांनी भरलेली आहे, तिथे जा. पीठ कालवत नाहीत, थर लावतात. आधी पळीभर पातळ पीठ पसरून त्यावर माशाची पूड, मग कोबीचा हा एवढा ढीग, मोड आलेले मूग, मांसाचे पट्टे. ते सगळं उलटून कोबीला स्वतःच्याच वाफेत बसू देतात. शेजारी नूडल्स परततात, ढीग उचलून त्यावर ठेवतात. मग अंडं फोडून उलथन्याच्या टोकाने फिरवत गोल पसरतात आणि सगळा डोलारा त्यावर. पंधरा-वीस मिनिटं लागतात. मी तरी तेवढा वेळ फोन बाहेर काढत नाही. 'सोबा की उदोन' असं विचारतील, म्हणजे कुठल्या नूडल्स हव्यात (उदोन जाड, पांढऱ्या). इथला सोबा म्हणजे गव्हाच्या पिवळ्या नूडल्स, तोच घ्या.

१९४५ च्या अणुबाँबनंतर उद्ध्वस्त झालेल्या या शहरात पत्र्याच्या तव्यावर मदतीच्या मैद्याचं काहीबाही करून विकणाऱ्या टपऱ्यांमधून हा पदार्थ वाढला. ओताफुकू ही तिथलीच कंपनी, १९५२ पासून ती खास ओकोनोमियाकीसाठी सॉस काढते. त्याचा गोडवा बऱ्याच अंशी खजुराचा असतो, हे ऐकून आपल्याकडच्या पाहुण्यांना फार बरं वाटतं.

टोकियोत आलात की त्सुकिशिमा. निशी-कासाईहून तोझाई लाइनने मोन्झेन-नाकाचो, तिथून ओएदो लाइनने एकच स्टेशन. १८९२ साली समुद्रात भर घालून तयार केलेलं हे बेट आणि त्यावर मोंजाच्या दुकानांची आख्खी गल्ली. मोंजा दिसायला वाईट असतो, ते मी लपवत नाही. पहिल्यांदा पाहणारा तोंड वाकडं करतोच. पण करायला सगळ्यात मजेशीर, आणि बिघडला तरी बिघडलेला कळत नाही, म्हणूनच तो स्वतः करा म्हणतो.

वाडग्यात खाली पाणीदार पीठ आणि वर कोबी वगैरे ढीग असतो. पाणी तसंच ठेवून फक्त ढीग तव्यावर काढा. परता आणि दोन उलथन्यांनी खटाखट बारीक चिरत राहा. कोबी मऊ पडला की त्याचं गोल आळं करा, मध्ये मोकळी जागा. त्यात पीठ दोन वेळा थोडं थोडं ओता. आळं फुटून पीठ बाहेर पळालं तर उलथन्याने आत ढकला, शेजारच्या टेबलावरही तेच चाललेलं असतं. बुडबुडे येऊन घट्ट झालं की सगळं एकत्र करून पातळ पसरा. मग बोटाएवढं लहान उलथनं, हागाशी, घेऊन कडेचा थोडासा भाग तव्यावर दाबायचा, तो चिकटून करपल्यासारखा झाला की खरवडून थेट तोंडात. जीभ सांभाळा. मेंताइको (मसालेदार माशाची अंडी), मोची (तांदळाचा चिकट गोळा) आणि चीज हे त्रिकूट वडिलांना आवडेल.

आता आई. खरं सांगायचं तर साध्या दुकानात आईंना ओकोनोमियाकी किंवा मोंजा देऊ नका. मांस काढायला सांगाल, पण पिठातच माशाचं दाशी असतं, अनेक सॉसमध्ये मांसाचा नाहीतर कालवांचा अर्क असतो, पिठात पडणाऱ्या तळणीच्या चुऱ्याला कोळंबीचा वास असतो. वेटर भाबडेपणाने 'मांस नाही' म्हणेल आणि ते त्याच्या दृष्टीने खरंच असेल. तवाही तोच, त्यावर आधी काय भाजलं ते विचारू नये. हे चालणार नसेल तर व्हीगन ओकोनोमियाकी करणारी दुकानं मोठ्या शहरांत आहेत, ती निघण्याआधी शोधून जागा राखून ठेवा. तवा चालणार असेल तर बऱ्याच मेनूंत लोण्यातला बटाटा, मशरूम, भाजलेल्या भाज्या असतात. नुसत्या मिठावर मागवा. उतरला असाल त्या हॉटेलच्या रिसेप्शनवर एका कागदावर जपानीत लिहून घ्या: मांस नाही, मासे नाहीत, माशाचं दाशी आणि कात्सुओबुशी नाही, अंडं आणि दूध चालतं. तो कागद बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बाकी किरकोळ. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर आत शिरताना 'तेबुरु सेकी' (टेबल-खुर्चीची जागा) मागा, नाहीतर जमिनीवर बसवतील. माणशी एक पदार्थ मागवण्याची बऱ्याच दुकानांची अपेक्षा असते. तव्याभोवतीची धातूची पट्टीही तापते, कोपर टेकवू नका. आचेचा खटका टेबलाखाली असतो, करपायला लागलं तर वेटरला हाक मारा, स्वतः चाचपडू नका. टिप देत नाहीत, पैसे बाहेर पडताना काउंटरवर. आणि कपड्यांना सॉस-तेलाचा वास दोन दिवस राहतो: जाकिटं ठेवायला पिशवी किंवा बाकाखाली पेटी देतात, ती वापरा, आणि परतीच्या विमानात घालायचे कपडे त्या संध्याकाळी घालू नका.