नकाशा बाबांच्या हातात दे

टोरांटोहून एका मुलीचं पत्र आलं आहे. तिचे वडील पुण्यात, कोथरूडला असतात. वय ७३, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आई काही वर्षांपूर्वी गेली. दादा-वहिनी त्याच सोसायटीत, वरच्या मजल्यावर राहतात. ती लिहिते, "मावशी, बाबा फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचे, तिरका आस दाखवायचे आणि वरच्या टोकाला खडू टेकवून सांगायचे, इथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, एकदा जाऊन बघायला हवं. ते राहूनच गेलं. मला त्यांना नॉर्वेला न्यायचं आहे. विषय काढला की 'कशाला उगाच खर्च' म्हणतात आणि फोन दादाकडे देतात. माझी नोकरी, मुलांच्या शाळा, त्यांचं वय... सोडून देऊ का हा विचार?"

अजिबात सोडू नकोस. आणि 'मुलं जरा मोठी झाली की' असंही म्हणू नकोस. मुलं मोठी होतील तेव्हा बाबा ऐंशीच्या घरात असतील.

तू आणि बाबा एकमेकांना भेटता कुठे, याचा आधी विचार कर. तू डिसेंबरात पुण्याला येतेस तेव्हा दाताचा डॉक्टर, बँकेचं केवायसी, दोन लग्नं, सासरची माणसं यांत सुट्टी संपते. रात्री बाबांच्या शेजारी टेकलीस की जेटलॅगने डोळे मिटायला लागतात. ते टोरांटोला येतात तेव्हा तू दिवसभर कामावर आणि ते घरात. नातवंडांना शाळेच्या बसवरून आणायचं, कुकर लावायचा, खिडकीतून बर्फ बघायचा. दोघांपैकी एक जण कायम यजमान असतो, आणि यजमानाला कामं सुटत नाहीत. तिसऱ्या गावी दोघांनाही काही काम नसतं. परदेशात राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांबरोबर एकदा तरी लांबचा प्रवास करावा, असं मी आग्रहाने सांगते ते यासाठीच. म्हणून या वेळी नवरा आणि मुलं टोरांटोलाच राहू देत. मुलं बरोबर असली की तुझं लक्ष त्यांच्या स्वेटरकडे आणि बाबांचं त्यांच्या जेवणाकडे.

आता खर्चाचं. 'कशाला उगाच' म्हणणाऱ्या बहुतेक आईवडिलांना पैशापेक्षा दुसरीच धास्ती असते. तिकडे गुडघा धरला, श्वास लागला, तर लेकीच्या सुट्टीचा विचका होईल, तिला आपलंच करत बसावं लागेल. त्यामुळे 'बाबा, याल का?' या प्रश्नाला होकार मिळणं कठीण. तिकीट काढून एकदम चकित करायचा मार्ग तर मुळीच नको. ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना नकाशा वाचायला शिकवला, त्याला पार्सलासारखं उचलून न्यायचं नाही.

त्यांना काम दे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर विचार, "बाबा, मध्यरात्रीचा सूर्य बघायचा तर कुठल्या अक्षांशावर जायला हवं? कुठल्या तारखांना?" आणि मग ऐकत राहा. पुणे साधारण १८.५ अंश उत्तरेला. सूर्य उत्तरेकडे सरकताना मेच्या मध्यात एकदा आणि परतताना जुलैच्या अखेरीस एकदा पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो. तेच आपले शून्य सावलीचे दिवस. नॉर्वेच्या अगदी उत्तरेचं टोक, नॉर्थ केप, ७१ अंशांच्या किंचित वर आहे. सूर्य ज्या अक्षांशावर डोक्यावर असतो तो ९० मधून वजा केला की जो अक्षांश येतो, तिथून उत्तरेला त्या दिवशी सूर्य मावळत नाही. आणि या दोन्ही अक्षांशांची बेरीज जवळजवळ ९०. म्हणूनच नॉर्थ केपला सूर्य मावळत नाही तो काळ, १४ मे ते २९ जुलै, पुण्याच्या दोन शून्य सावल्यांच्या मधल्या काळाशी जवळपास तंतोतंत जुळतो. कोथरूडच्या गच्चीवर उभ्या काठीची सावली भर दुपारी नाहीशी होते, त्याच दिवसांत तिकडे रात्री बाराचा सूर्य क्षितिजापर्यंत उतरून पुन्हा वर चढायला लागतो. मला हे फार सुंदर वाटतं. बाबांना याचं गणित पाठ असेल. ते तुला समजावून सांगू देत, आणि दादाला एक मोठा नकाशा आणून भिंतीवर लावायला सांग. तारखा, मुक्काम, अंतरं सगळं बाबांनीच ठरवावं. पालखी पुण्यात येते ते दिवस त्यांना घरीच हवे असतील, तर त्याच्या आधी किंवा नंतर. तू फक्त खरी माहिती पुरवायची.

माझं मत विचारशील तर बोटीने जा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनहून ईशान्य टोकाच्या किर्कनेसपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने बोट जाते. १८९३ मध्ये ती छोट्या मार्गावर सुरू झाली. टपाल, माल आणि माणसं पोचवण्यासाठी सुरू झालेली ही सेवा ३४ बंदरं घेत जाते. उत्तरेकडचा प्रवास सहा दिवसांचा. वयस्कर माणसाला याचं सुख असं की बॅग एकदाच उघडायची, रोज नवं हॉटेल नाही, जिने नाहीत, सकाळी सातला बसपाशी हजर व्हायचं नाही. काचेशी खुर्ची ओढून बसलं की फियॉर्डची, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांची तोंडं, बेटं आणि लाल-पिवळी लाकडी घरं समोरून सरकत राहतात. चौथ्या दिवशी बोट आर्क्टिक वृत्त ओलांडते. बाबांना त्या वेळी डेकवर यायचं असेल, तेव्हा आदल्या रात्री वेळ विचारून ठेव.

एक खाच मात्र लक्षात ठेव. नॉर्थ केपचं बंदर होनिंग्सवोग. उत्तरेकडे जाणारी बोट तिथे काही तास थांबते, पण दिवसाउजेडी, दुपारच्या सुमारास. सहलीच्या बसने टोकावर जाऊन येता येतं, फक्त मध्यरात्री नाही. म्हणजे ज्यासाठी एवढं गेलात तेच त्या टोकावरून दिसणार नाही. तेव्हा होनिंग्सवोगला उतरा आणि तिथेच राहा. एक रात्र पुरत नाही, कारण ढग आणि धुकं फार. तीन रात्री ठेवल्यास तर उत्तम. गावापासून टोक पस्तीसेक किलोमीटर, बस जाते, वरचं पठार सपाट आहे, चढण नाही. समुद्राकडचा कडा ३०७ मीटरचा. जुलैतही तापमान १० अंशांच्या आसपास असतं आणि वारा अंगात शिरतो, त्यामुळे लोकरीचे आतले कपडे, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी हे सगळं घ्यायचंच. खरं तर नॉर्थ केप ज्या बेटावर आहे, त्याच बेटावरचं क्निव्हशेलोडेन हे भूशिर नॉर्थ केपपेक्षाही थोडं उत्तरेला जातं. पण तिथपर्यंतची पायपीट लांबलचक आहे, ती नको. कड्यावरून त्याच्याकडे बोट दाखवून बाबा त्याविषयी सांगतील, तेवढं पुरे. परतीसाठी गावाजवळ लहान विमानतळ आहे.

तब्येतीचं मोकळेपणाने बोला. या किनारी बोटींवर डॉक्टर नसतो. बोट दिवसातून बऱ्याच बंदरांना लागते, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. तरी हृदयाचा किंवा साखरेचा त्रास असेल तर बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना प्रवासाचा आराखडा दाखवा आणि ते सांगतील तसं ठरवा. ते नको म्हणाले तर नको. औषधं हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. उन्हाळ्यात नॉर्वे भारताच्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे गोळ्यांचं वेळापत्रक फारसं विस्कटत नाही. टोरांटोच्या साडेनऊ तासांपुढे हे काहीच नाही. पण बाहेर उजेड असताना झोप येत नाही आणि जेवायची, गोळीची वेळ झाली हे कळत नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्या आणि सगळं घड्याळावर चालवा. बाबा पर्वतीच्या पायऱ्या किती सहज चढतात, हे दादाला विचार. आजच्या ताकदीचा अंदाज त्यावरून येईल. विमानतळावरची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेव. त्यांना संकोच वाटेल. मुंबईहून एका थांब्याने जायचं म्हणजे मधल्या विमानतळावर लांब चालणं आलं, ते वाचवू या, एवढंच म्हण. शक्य असेल तर त्या मधल्या विमानतळावर तूच त्यांना गाठ आणि पुढचं विमान दोघं एकत्र पकडा. बोटीत खोली वेगळ्या दोन पलंगांची बघ. बाप-लेक असले तरी दोघांनाही आपापला कोपरा हवा.

जेवणाची काळजी वाटते तेवढी नाही. ब्रेड, बटाटे, चीज, लापशी, वॅफल सगळीकडे मिळतं. शिवाय मेतकूट, चटण्या, भाजलेले पोहे न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र घरीच ठेवा. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून, म्हणजे भारतातून किंवा कॅनडातूनही, दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. बाबा संकष्टी करत असतील तर आणखी एक गोष्ट: उन्हाळ्यात तिकडे पौर्णिमेच्या आगेमागे चंद्र क्षितिजाच्या जेमतेम वर येतो, काही दिवस उगवतही नाही. पंचांगातली पुण्याची चंद्रोदयाची वेळ बघून उपास सोडायचा, हे त्यांनी घरूनच ठरवून निघावं. नाहीतर ते उपाशी बसून राहतील आणि तुला सांगणारही नाहीत.

कागदपत्रं लवकर सुरू कर. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तेव्हा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण १५ दिवस, कधी ४५ सुद्धा. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा. विमा किमान ३०,००० युरोंचा. विम्यात आधीपासूनचे आजार लपवू नका, दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं. बोटांचे ठसे द्यायला बाबांना स्वतः व्हिसा केंद्रात जावं लागेल, आणि एप्रिल-मेमध्ये तारखा मिळणं अवघड होतं. जूनअखेर निघायचं तर जानेवारीत हालचाल सुरू हवी. तुझा पासपोर्ट अजून भारताचा असेल, तर कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असलं तरी तुलाही हा व्हिसा लागतो. बरेच जण हे ऐन वेळी शोधतात. तुझं लग्नानंतरचं नाव वेगळं असेल तर नातं दाखवण्यासाठी जन्मदाखल्याबरोबर विवाहाचा दाखलाही जोड.

पैशांबद्दल एवढंच, की सगळा भार तू उचलू नकोस, उचलता येत असला तरी. पुण्याहून जाण्या-येण्याचं तिकीट बाबांना त्यांच्या पेन्शनमधून काढू दे. ज्याने स्वतःचं तिकीट काढलंय तो माणूस बोटीच्या खिडकीशी निवांत बसतो. कॉफी केवढ्याची, हे तिथे रुपयांत सांगत बसू नकोस.

आणि दादा-वहिनी. तू पत्रात त्यांचा उल्लेख एका वाक्यात केलास, पण मला यावरच सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बाबांची रक्ततपासणी, मोतीबिंदू, गॅसचं बुकिंग, रात्री दोनला छातीत जळजळलं म्हणून वर आलेला फोन, हे सगळं वर्षानुवर्षं ती दोघं करत आली आहेत. आणि बाबांना मध्यरात्रीचा सूर्य दाखवणार तू. यात तुझी चूक काहीच नाही, पण वहिनीच्या मनात काय येईल याचा विचार करणं तुझं काम आहे. बेत पक्का झाल्यावर कळवलंस तर ते तिला 'सांगितलं' असं वाटेल, आधी बोललीस तर 'विचारलं' असं वाटेल. बाबांना काय झेपतं, रात्री किती वेळा उठतात, कुठली गोळी विसरतात हे तिला तुझ्यापेक्षा नेमकं ठाऊक आहे. ते तिच्याकडून शिकून घे, लिहून घे. बाबा तुझ्याबरोबर असतील त्या दिवसांत त्या दोघांनाही कुठेतरी जाता यावं म्हणून तुझ्याकडून काही करता आलं तर जरूर कर, मग ते कोकणातले चार दिवस का असेनात. हा फोन तू स्वतः कर, वहिनीलाच कर, आणि बाबांशी रविवारी बोलायच्या आधी कर.