अमेरिकेतून आणलेला वैमानिकांचा जीपीएस बारामतीत स्थान का दाखवत नाही?

तुम्ही विचारले आहे की, अमेरिकेत वापरलेला आणि नंतर दोन वर्षे कपाटात पडून राहिलेला वैमानिकांचा पोर्टेबल जीपीएस बारामतीच्या विमानतळावर चालू केला, तर दहा मिनिटे उलटली तरी तो उपग्रहच शोधत बसतो. म्हणजे तो बिघडला आहे का? मी उड्डाणात अशी यंत्रे बरीच वर्षे वापरत आलो आहे आणि तुमच्या वर्णनावरून मला हा बिघाड वाटत नाही. इतक्या काळाने आणि इतक्या लांब चालू केलेल्या यंत्राला पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटे लागू शकतात.

यंत्र बंद होताना आपले शेवटचे ठिकाण आणि उपग्रहांचे अल्मनॅक, म्हणजे आपल्या भाषेत पंचांगच, जपून ठेवते आणि पुढच्या वेळी कोणता उपग्रह आकाशात असेल याचा अंदाज त्यावरून बांधते. तुमचे यंत्र अजून स्वतःला अमेरिकेत समजत असल्यामुळे ते इथल्या क्षितिजाखाली असलेले उपग्रह शोधत राहते. नवे पंचांग उपग्रहाकडूनच येते, पण तो संदेश सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने उतरतो, त्यामुळे संपूर्ण पंचांग मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. शिवाय प्रत्येक उपग्रहाच्या नेमक्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते. मध्येच संकेत तुटला, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

म्हणून पहिल्या वेळी यंत्र हँगरच्या, म्हणजे विमाने ठेवायच्या शेडच्या, पत्र्याखाली किंवा पंखाच्या आडोशाला चालू करू नका. बॅटरी पूर्ण भरून घ्या, ते मोकळ्या आकाशाखाली ठेवा आणि हातात घेऊन फिरू नका. मग उपग्रहांचे पान उघडून नुसते पाहत राहा. गार्मिनच्या यंत्रांवर प्रत्येक उपग्रहाची एक पट्टी असते. ती आधी पोकळ दिसते, कारण संकेत मिळालेला असतो पण कक्षेची माहिती अजून उतरत असते, आणि ती माहिती पूर्ण झाली की पट्टी भरीव होते. तीन भरीव पट्ट्यांवर अक्षांश-रेखांश मिळू शकतात, पण उंचीसह स्थान मिळायला किमान चार उपग्रह लागतात, आणि चौथा येईपर्यंत मी त्या आकड्यांवर विसंबत नाही. मेनूत जवळचे ठिकाण किंवा देश सांगण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरा, वेळ बराच वाचतो. उलट, घरात छताखाली बसून लगेच स्थान आणि वेगही दिसू लागला, तर यंत्र सिम्युलेटरवर, म्हणजे सरावासाठी खोटे उड्डाण दाखवणाऱ्या सोयीवर, आहे असे समजा आणि तो आधी बंद करा.

तारीखही तपासा. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे १०२३ पर्यंतच मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. असे ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री झाले. मी २०२१ च्या मार्चमध्ये एक जुने यंत्र चालू केले, तेव्हा स्थान बरोबर होते, पण तारीख जुलै २००१ ची होती आणि त्यामुळे सूर्यास्ताची वेळही चुकीची होती. दिवस मावळायच्या आत उतरायचे असलेल्या वैमानिकाने ही चूक क्षुल्लक मानू नये.

चालू होताना जे पान आपण घाईने ‘ओके’ दाबून घालवतो, त्यावर डेटाबेसची, म्हणजे यंत्रात साठवलेल्या विमानतळांच्या आणि नकाशाच्या माहितीची, मुदत लिहिलेली असते, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. वैमानिकी माहिती दर २८ दिवसांनी बदलते. तुमच्या यंत्रात २०१० ची माहिती असेल, तर त्यात २०१७ मध्ये सुरू झालेले शिर्डीचे विमानतळ नसेल, २०२३ च्या जानेवारीत विमाने उतरू लागलेले गोव्यातले मोपाही नसेल, आणि अमेरिकेपुरताच डेटाबेस असेल तर कदाचित बारामतीही सापडणार नाही. स्थान अचूक असूनही नकाशा जुना असला, तर पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि म्हणूनच तो जास्त धोक्याचा. नवा डेटाबेस घातल्याशिवाय ते यंत्र विमानात नेऊ नका, आणि नेल्यावरही अधिकृत नकाशा मांडीवर असू द्या.

एकदा इथले स्थान मिळाले की ते यंत्राच्या लक्षात राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच चालू केलेत, तर साधारण मिनिटभरात पट्ट्या भरतील. तसे झाले नाही, तर मात्र अँटेना तपासून घ्या.