बार्साचा बास्केटबॉल संघ फुटबॉलच्या जिवावर जगतो का?

प्रश्न : माझा मुलगा शिकायला बार्सिलोनात आहे. परवा त्याने 'बार्सा'चा निळा-लाल टीशर्ट घातलेला फोटो पाठवला. मागे मात्र फुटबॉलचं मैदान नव्हतं, बास्केटबॉलची रिंग होती. तो म्हणतो, बार्साचा हाही संघ व्यावसायिक आहे. हा खरंच तोच क्लब, की आयपीएलसारखं कुणी संघ विकत घेऊन चालवतंय? आणि फुटबॉल एवढा पैसा मिळवत असताना हा वेगळा खर्च कशासाठी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : क्लब तोच. फुटबॉलसाठी तो १८९९ मध्ये सुरू झाला आणि १९२६ मध्ये त्यात बास्केटबॉल आलं. हँडबॉल, फुटसाल (सभागृहात पाच-पाच जणांचा फुटबॉल) आणि रोलर हॉकीचे व्यावसायिक संघही त्याच घरातले. आयपीएलशी तुलना इथे बसत नाही, कारण या क्लबाला मालकच नाही. मालकी सभासदांची, लाखाहून जास्त जणांची, आणि अध्यक्षही तेच मत देऊन निवडतात. स्पेनमध्ये १९९० च्या क्रीडा कायद्याने बहुतेक मोठ्या फुटबॉल क्लबांना कंपनी व्हावं लागलं. त्यातून जे चार सुटले त्यांत बार्सिलोना आहे. बाकीचे तीन म्हणजे रेआल माद्रिद, बिल्बाओचा अॅथलेटिक आणि ओसासुना.

मी पुण्यात वाढले, त्यामुळे मला हे लगेच उमगलं. आमचा डेक्कन जिमखाना १९०६ पासूनचा. पोहणारा, टेनिस खेळणारा आणि बास्केटबॉलच्या कोर्टवर घाम गाळणारा, सगळे एकाच फाटकातून आत जायचे. कुठला खेळ किती पैसे आणतो, हे आम्ही मुलींनी कधी विचारलं नाही. फरक एवढाच, की बार्सिलोनात त्या फाटकाच्या आत कोट्यवधी युरोंचा व्यवहार चालतो.

आता खर्चाचं. हाच प्रश्न तिथे एका अध्यक्षालाही पडला होता. १९६१ मध्ये एनरिक ल्याउदेत यांनी बास्केटबॉल संघ चक्क बरखास्त केला, लोकांचा लाडका असूनही. लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी मोहीम चालवली आणि १९६२ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. पुढची वर्षं हलाखीचीच होती. दोनच वर्षांनी तो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. तरी पुन्हा कुणी तो बंद केला नाही. तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं सगळ्यात खरं उत्तर हेच आहे. हा संघ फुटबॉलवाल्यांनी हौस म्हणून पोसलेला नाही, लोकांनी भांडून परत मिळवलेला आहे.

मुलीकडे गेले होते तेव्हा मी त्यांचा एक सामना पाहिला, लीगमधला साधाच. पालाउ ब्लाउग्राना नावाचं हे सभागृह १९७१ चं, कॅम्प नोऊ या फुटबॉलच्या मैदानाच्या शेजारी. जेमतेम साडेसात हजार माणसं मावतात. तीस वर्षं मी स्कोअर टेबलवर बसले आहे, त्यामुळे माझे कान आधी बुटांच्या आवाजाकडे जातात. इथे वरच्या रांगेतही तो आवाज येत होता.

माझ्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ होते. मध्यंतर झालं तसं त्यांनी पिशवीतून चांदीच्या कागदात गुंडाळलेला पाव काढला. टोमॅटो चोळलेला, आत हॅम. आजूबाजूला पाहिलं तर निम्म्या लोकांच्या मांडीवर तसाच चुरगळलेला कागद. मी शाकाहारी हे कळल्यावर त्यांनी टोकाचा, नुसत्या टोमॅटोचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. मग छताला टांगलेल्या जर्सींपैकी १५ नंबरकडे बोट दाखवून त्यांनी उजवा हात उंच धरला आणि तसाच काही क्षण ठेवला. मला अर्थ लागेना. मुलीने सांगितलं, ती जर्सी सान एपिफानियोची, सगळे त्याला 'एपी' म्हणतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये मशाल घेऊन धावणारा शेवटचा माणूस तोच. ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या तिरंदाजाने त्याच्याच मशालीवर बाण पेटवला होता. तो बाण मी टीव्हीवर पाहिला होता. मशाल धरणारा हात बास्केटबॉलवाल्याचा होता, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

एपीच्या काळात आणि नंतरही, पहिलं युरोपचं विजेतेपद मिळण्याआधी, या संघाने ते अंतिम फेरीत पाच वेळा गमावलं. १९९६ ची हार सगळ्यात जिव्हारी लागणारी. पॅरिसमध्ये ग्रीसच्या पानाथिनाइकोसने ६७-६६ असं हरवलं. शेवटच्या क्षणी बार्साच्या मोंतेरोने टाकलेला चेंडू रिंगमागच्या फळ्याला लागल्यावर त्यांच्या व्रान्कोविचने अडवला. फळ्याला लागलेल्या चेंडूला असा हात लावता येत नाही, बास्केट धरायलाच हवं होतं. टेबलावर बसणाऱ्या बाईला आजही ते पाहवत नाही.

पहिलं विजेतेपद २००३ मध्ये आलं, तेही घरीच, बार्सिलोनात. त्या संघात बोदिरोगा होता, यासिकेविच्युस होता आणि घरचाच नवारो होता. नवारोच्या फटक्याला 'बोम्बा' म्हणतात. उंच बचावपटू अंगावर येण्याआधीच तो धावता धावता चेंडू वर उडवायचा. चेंडू दिव्यांपर्यंत गेल्यासारखा वाटायचा आणि सरळ खाली पडायचा. मी मुलींना तो शिकवायला बघितलं. मनगट वेळेआधी सैल सोडावं लागतं, तिथेच सगळ्या अडतात. २०१० चं दुसरं विजेतेपदही त्याच्याच हातचं.

तुमची शंका अगदीच चुकीची नाही, हेही सांगायला हवं. हा विभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाही, तूट फुटबॉल भरतो. म्हणून फुटबॉलची तिजोरी रिकामी झाली की पहिली झळ इथे बसते. २०२३ मध्ये निकोला मिरोतिचसारखा खेळाडू पगार परवडेना म्हणून सोडावा लागला. मला ते फार लागलं. पण त्याच तंगीच्या काळात, २०२१ मध्ये, पाऊ गसोल चाळिसाव्या वर्षी परत आला. इथेच घडला, २००१ मध्ये एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या लीगमध्ये गेला, तिथे दोनदा विजेता झाला. त्याने माद्रिदला हरवून स्पॅनिश लीग जिंकली आणि मगच बूट काढले.

मुलाला सांगा, माद्रिदविरुद्धचा सामना असेल तर तिकीट लवकर काढ. मध्यंतरात बाहेरच्या रांगेत उभा राहू नकोस. जागेवर बसून आधी १५ नंबर शोध, मग नवारोचा ११. आणि घरून डबा घेऊन जा, तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही.