एवढा पैसा ओतूनही मोठ्या चित्रपटांत प्लॉट होल, म्हणजे कथेतल्या न जुळणाऱ्या जागा, कसे राहतात? कोणी तपासत नाही का?

तपासतात, पण कथा नाही. स्टुडिओत ज्याला ‘क्यूसी’ म्हणतात ती तपासणी फायलीची असते: ओठ आणि आवाज जुळतात का, एखादी फ्रेम खराब आहे का, सबटायटल वेळेवर येतात का. नायकाला अमुक गोष्ट कळली कधी, हे त्या यादीत नसतंच.

प्रत्येक चुकीवर ‘लेखक आळशी’ असा शिक्का मारतात, ते मला अजिबात मान्य नाही. ‘ब्लेड रनर’ (1982) घ्या. पोलिस अधिकारी ब्रायंट नायक डेकर्डला सांगतो, सहा रेप्लिकंट (माणसासारखे दिसणारे कृत्रिम जीव) पळाले, त्यातला एक विजेने जळाला. उरले पाच. पडद्यावर दिसतात चारच: रॉय, लिऑन, झोरा, प्रिस. पाचवी मेरी. ती संहितेत होती, नटीही ठरली होती. मग भूमिकाच काढून टाकली, आणि ब्रायंटच्या तोंडचा आकडा तसाच राहिला. त्यावरून डेकर्ड हाच तो उरलेला रेप्लिकंट, असे तर्क चाहते वर्षानुवर्षं लढवत बसले. 2007च्या फायनल कटमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या सुधारित आवृत्तीत, जळालेल्या ‘एक’चे ‘दोन’ केले, तेव्हा कुठे हिशेब जुळला.

ब्रायंटच्या त्या वाक्यात मेरीचं नावच नाही. संहितेत ‘मेरी’ शोधून ‘सहा’ सापडत नाही. म्हणून पात्र किंवा सीन काढला की आकडे, नाती, ‘काल रात्री’, ‘ती दोघं’ असे उल्लेख माणसाने वाचूनच काढावे लागतात.

त्यासाठी सवड नसते. शूटिंगआधी सीनचे नंबर कायम होतात. नंतरचे बदल रंगीत पानांवर येतात, पांढऱ्यानंतर निळी, मग गुलाबी, पिवळी, हिरवी. जो तो आपल्या प्रतीतली तेवढीच पानं बदलतो. सीन 42 रद्द झाला, तरी 17मधलं त्याच्याबद्दलचं वाक्य कोणाच्या नव्या पानावर येत नाही. शिवाय 17 तोवर शूट होऊन सेटही मोडलेला असतो.

सेटवर सीनचा मेळ सांभाळणारा स्क्रिप्ट सुपरव्हायझर ग्लासातलं पाणी, जखमेची बाजू, कथेतला दिवस, सगळं टिपतो. पण शूटिंग संपलं की त्याचं काम संपतं, आणि बरेच प्लॉट होल एडिटिंगमध्ये जन्मतात. लांबी कमी करायची तर आधी खुलाशाचे सीन जातात, कारण तेच संथ असतात. एडिट रूममधल्या सगळ्यांनी ते सीन पाहिलेले असतात, त्यामुळे गाळलेली जागा त्यांना जाणवतच नाही. जाणवली तरी व्हीएफएक्सचे (संगणकावरच्या दृश्य करामतींचे) शॉट बाहेरच्या कंपन्यांकडे गेलेले असतात, ते बदलणं महागात पडतं. मग पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी डबिंगमध्ये एक वाक्य घालतात. पात्र पाठमोरं असताना अचानक खुलासा ऐकू आला, तर तिथे बहुधा ठिगळ आहे असं समजा.

माझं ठाम म्हणणं, सुपरव्हायझरला एडिट लॉक होईपर्यंत, म्हणजे कापाकापी कायमची थांबेपर्यंत, कामावर ठेवा. आणि संहिता न वाचलेल्या एका माणसाला लॉकआधीचा कट दाखवून तक्ता करायला लावा: पडद्यावरच्या क्रमाने प्रत्येक सीन, वार, कोण कुठे, कोणाला काय माहीत. दोन-तीन दिवसांचं काम आहे. टेस्ट स्क्रीनिंग, म्हणजे प्रदर्शनाआधी निवडक प्रेक्षकांना दाखवणं, याची जागा घेऊ शकत नाही. तिथे बहुधा कंटाळा कुठे आला यावरच भर असतो, आणि उत्तर ऐकून आणखी सीन कापतात.

अर्थात पात्र खोटं बोललं किंवा चुकीचं वागलं, तर तो प्लॉट होल नव्हे. काही होल तर दिग्दर्शक वेग राखायला जाणूनबुजून सोडतात, तो त्यांचा हक्क आहे.