गंध पातळ झालंय

दादर, मुंबई

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी गिरणी कामगार आजोबांवरची गोष्ट दोनदा वाचली. एकदा लाल पेन हातात घेऊन आणि एकदा पेन बाजूला ठेवून. शुद्धलेखन चांगलं आहे, तपशीलही चोख आहेत. मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे तू नीट तपासून लिहिलंयस. पण अरे, अडीच लाख माणसं एका वाक्यात आली आणि त्यातला एकही माणूस मला दिसला नाही. तुझे आजोबासुद्धा नाहीत. ‘ते दिवसभर राबत’ असं लिहिलंयस. उभे राहून की बसून? त्यांच्या हाताला काय लागत होतं?

फोनवर तू म्हणालास, “बाई, मी चालू गिरणी पाहिलेलीच नाही. न पाहिलेलं कसं लिहू?” त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. दहा बाय दहाची खोली आणि आम्ही नऊ माणसं. आजीचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. देव्हारा समोरच्या भिंतीला, पण तिथवर जाणं तिला शक्य नव्हतं. मग ती मानसपूजा करायची. सकाळी नळाला पाणी आलं की गॅलरीत बादल्यांचा खणखणाट, शेजारी रेडिओ, आई स्टोव्ह पेटवतेय, आणि त्या सगळ्यात आजी डोळे मिटून पडलेली. एकदा मी पाहिलं, तिचा उजवा हात गोधडीवर गोल गोल फिरत होता. मी विचारलं, “आजी, काय करतेस?” डोळे न उघडता ती म्हणाली, “गंध उगाळतेय. पाणी जास्त पडलं गं, पातळ झालंय.”

मी तेव्हा आठ वर्षांची असेन. मनातल्या मनातलं गंध, मग ते पातळ कसं होईल? हवं तसं दाट करून घ्यावं की! पुढे कितीतरी वर्षं शाळेत मुलांना निबंध शिकवताना मला ते वाक्य उमगत गेलं. आजी गंधाचा विचार करत नव्हती, ती खरोखर सहाणेपाशी बसली होती. म्हणून तिथे पाणी जास्त पडू शकत होतं. मनात उभं केलेलं जेव्हा आपलं ऐकेनासं होतं, तेव्हा ते लिहिण्याजोगं झालं असं मी समजते. तुझ्या गोष्टीत सगळं तुझं ऐकतं. गिरणी, भोंगा, आजोबा, सगळे तू सांगशील तिथे गुमान उभे आहेत.

तर लिहायला बसण्याआधी वीस मिनिटं काढायची. डोळे मिटायचे आणि दुसऱ्या कुणाला तरी सावकाश प्रश्न विचारायला सांगायचे. कुणी नसेल तर स्वतःच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव. दोन प्रश्नांच्या मध्ये वीस-पंचवीस सेकंदांची मोकळी जागा सोड. ती ऐकताना फार लांब वाटते, पण त्याहून कमी ठेवू नकोस.

आणि फक्त प्रश्न. मन शांत करायच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगतात ना, ‘तुम्ही हिरव्यागार कुरणात आहात, शेजारून झरा वाहतोय’, ते झोप यायला ठीक. लिहिणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. ते कुरण सांगणाऱ्याचं, झराही त्याचाच. ‘पायाखाली काय लागतंय?’ एवढंच विचारलं की उत्तर तुलाच शोधावं लागतं.

सुरुवात जागेपासून कर, माणसापासून नाही. यामागे माझ्या अनुभवाइतकंच एक शास्त्रीय कारणही आहे. २००७ साली लंडनमधल्या संशोधकांनी, मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा होऊन स्मृती गेलेल्या काही रुग्णांना नवे, न घडलेले प्रसंग कल्पायला सांगितले. समुद्रकिनाऱ्यावर पडलाय असं समजा, काय दिसतंय ते सांगा, अशा धर्तीचे. त्यांना सुटे तुकडे सुचत होते, पण ते तुकडे एका जागेत बसत नव्हते. म्हणजे आठवणं आणि कल्पना करणं या मेंदूसाठी बऱ्याच अंशी सख्ख्या बहिणी, आणि दोघींना आधी उभं राहायला जागा लागते. न पाहिलेली गिरणी तुला पाहिलेल्या गोष्टींतूनच बांधायची आहे. लोकलच्या डब्याची धडधड तुला ठाऊक आहे. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांची कोंदट हवा ठाऊक आहे. तिथून आत शिर.

माहिती गोळा कर, पण ती लादीसारखी वापर, म्हणजे तिच्यावर उभं राहता येईल. साचाखात्यात, म्हणजे साच्यांवर (यंत्रमागांवर) कापड विणायच्या खात्यात, हवा मुद्दाम दमट ठेवत, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. शेकडो साचे एकदम चालायचे, आडवा धागा नेणारे धोटे इकडून तिकडे आपटायचे, त्या आवाजात बोलणं ऐकूच येत नसे. माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांनी एकमेकांशी बोलायची, कितीतरी जणांचे कान कायमचे मंद झाले. आता डोळे मीट आणि स्वतःला विचार: आजोबा साच्यापाशी उभे आहेत, शेजारचा काहीतरी सांगतोय, त्याचे ओठ कसे हलतायत? सुटी झाली, ते घरी आले, दारात पाय ठेवल्यावर पहिलं वाक्य केवढ्याने बोलले? मागे एकदा चहा पिताना तू सहज म्हणाला होतास की आजोबा घरात फार मोठ्याने बोलायचे आणि आजी चिडायची. ते तुझ्या गोष्टीत कुठेच नाही! संपाच्या आकड्यांपेक्षा ते मला हवं होतं.

काहींना डोळे मिटले की काहीच दिसत नाही. तूही त्यातला असलास तर घाबरू नकोस. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना त्या सकाळचं न्याहारीचं टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितलं होतं. उजेड किती, रंग स्पष्ट आहेत का, असे प्रश्न होते. चांगल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांपैकीही काहींनी आपल्याला असलं काही दिसत नाही असं कळवलं. २०१५ मध्ये मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या न दिसण्याला अफँटेशिया असं नाव दिलं. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, तिला चित्र येत नसे, पण वजन आणि स्पर्श लख्ख येई. ती हातांतून लिहायची, फार छान लिहायची. तुला आवाजातून येत असेल तर आवाजातून जा.

शांततेची वाट बघू नकोस, मुंबईत ती मिळायची नाही. कुकरची शिट्टी झाली तर ती आत घे, तिला गिरणीच्या बाजूच्या खोलीतली शिट्टी कर.

एक मात्र सांभाळ. काही वर्षांपूर्वी एका मुलीला २६ जुलै २००५ च्या पुरावर लिहायचं होतं. ती तेव्हा लहान होती आणि पाण्यात अडकली होती. मी तिला डोळे मिटायला लावून त्या पाण्यात परत नेलं. पाणी किती आहे, कमरेच्या वर आलं का, असं विचारत राहिले. तिचा श्वास लागला, ती थरथरायला लागली, तरी मी अजून एक प्रश्न विचारला. तो प्रश्न मी विचारायला नको होता. तेव्हापासून मी आधी दार ठरवते: कुठून बाहेर यायचं, कशाला हात लावला की संपलं. जिथे खरी जखम आहे तिथे एकट्याने जाऊ नकोस, आणि माझ्याबरोबरही घाईने नको.

डोळे उघडल्यावर कुणाशी बोलू नकोस. मोबाइल तर नाहीच. दहा मिनिटं हाताने लिही, वाक्यं मोडली तरी चालतील. सांगून टाकलेलं पुन्हा लिहिताना शिळं होतं, हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलंय की यावर वाद घालणार नाही.

येत्या शनिवारी चार वाजता ये. गोष्टीचा नवा मसुदा आणू नकोस. आजोबांचा जेवणाचा डबा घरात अजून असेल तर तो आण, घासूनपुसून नको, आहे तसा. आईला विचार, त्याची कडी कोणत्या बाजूने उघडायची. प्रश्न मी काढून ठेवते.

तुझ्या,
बाई